थोरलीचा कागद

पोलाचे पुढचे दोन दात पडले तेव्हा कागदावर तिला नववं सरलं होतं. एल साऊस गावातल्या बाकीच्या पोरांचे सहाव्या-सातव्या वर्षीच पडून, नवे येऊन, त्यांतले काही किडायलाही लागले होते. आई एर्लिंदा घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला पोरीचा ओठ वर करून दाखवायची. "बघा, दातांच्या संतिणीचं नाव ठेवलं आणि दातांनीच दगा दिला." नऊ फेब्रुवारी हा संत आपोलोनियाचा दिवस, आणि त्या दिवशी जन्मलेली मुलगी आपोलोनियाच व्हायची. घरात तिची पोला झाली.

दातच कशाला, पोलाचं सगळंच उशिरा आलं. उंची उशिरा, अक्षर उशिरा, न्हाण उशिरा. आईबापांनी परवान्याविना सरहद्द ओलांडून तिला आणि तिच्या तीन वर्षांच्या भावाला, नाबोरला, वॉशिंग्टन राज्यातल्या या सफरचंदांच्या खोऱ्यात आणलं तेव्हा कागदावर ती दहाची होती, म्हणून शाळेने तिला दहा वर्षांच्या पोरांत नेऊन बसवलं. बाकावरून तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. पोरं तिला पिसू म्हणायची, शाळेतल्या बाई गोड आवाजात मंद म्हणायच्या, आणि घरी आई गोडाच्या भानगडीत न पडता म्हणायची, "थोडी अक्कलही चोरून आणायची होतीस की, चोरटे." चोरटी हे आईने तिला ठेवलेलं खास नाव होतं. का, ते पोलाने कधी विचारलं नाही. लहानपणी कधीतरी साखर खाल्ली असेल, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

तरी ती शाळा पूर्ण शिकली. रखडत का होईना, अठराव्या वर्षी टोपी घालून प्रमाणपत्र घेऊन आली. आईने ते पेटीत टाकलं आणि तिला दुसऱ्या दिवशी सफरचंदांच्या पॅकिंग शेडमध्ये उभं केलं. बाप तोवर शिडीवरून पडून मेला होता आणि घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं.

शेडमध्ये तेरा वर्षं गेली. दुसऱ्याच कुणाचा तरी सरकारी नंबर लावून काम करणाऱ्या त्या पन्नास बायांत इंग्रजी वाचता येणारी पोला एकटीच. म्हणून पट्ट्यावर फळं निवडता निवडता तिला तपासणीच्या खोलीतही बोलावत. तिथे सफरचंदात लोखंडी दांडी दाबून त्याचा टणकपणा मोजायचा, रसाचा थेंब काचेवर घेऊन गोडी मोजायची, आकडे लिहायचे. त्या खोलीत खुर्ची होती, हीटर होता. खोलीची मुख्य गोरी बाई दर वर्षी म्हणायची, "तुझ्याकडे खरे कागद असते तर उद्या तुला इथे घेतलं असतं." पोला दर वर्षी हसायची आणि हातमोजे चढवून पुन्हा थंडगार पट्ट्यावर जायची.

आणि मग दोन हजार बाराचा जून आला. दुपारच्या सुटीत टीव्हीवर बातमी लागली आणि डबे खायचे राहिले. लहानपणी आईबापांनी या देशात आणलेल्यांना आता हाकलणार नाहीत. दोन वर्षांचा परवाना मिळणार, कामाचं खरं कार्ड मिळणार. शाळा झालेली हवी, पोलिसांत नाव नको, इथली सलग वस्ती दाखवता आली पाहिजे, आणि आज, पंधरा जूनला, वय एकतिसाच्या आत हवं.

"पोला, तुझं किती गं?" चोना ओरडली. चोना म्हणजे पोलाच्या शेजारी उभी राहून फळं निवडणारी, तोंडाचा पट्टा मशीनच्या पट्ट्याहून जोरात चालणारी बाई.

"फेब्रुवारीत एकतीस झाली."

चोनाने बोटं मोजली. "मार्च, एप्रिल, मे, जून. चार महिने! अगं, तुझ्या आईने चार महिने जरा कळ सोसायची होती!"

सगळी खोली खो-खो हसली. पोलाही हसली, कारण न हसून सांगणार कुणाला. मग ती कपडे बदलायच्या खोलीत गेली आणि तोंडात हातमोजा कोंबून रडली.

नाबोर चोविसाचा होता, त्याचं काम झाल्यात जमा होतं. पण नाबोरला स्वतःची पायमोज्यांची जोडी सापडायची नाही, एकवीस वर्षांचे पुरावे कुठून सापडणार? ते पोलानेच गोळा केले. त्याच्या लसींची कार्डं, प्रगतिपुस्तकं, दंतवैद्याच्या चिठ्ठ्या, फुटबॉलच्या संघाचा फोटो. वर्षवार लावून, प्रत्येकावर चिकटपट्टी लावून तिने फाईल केली. आई बाजूला बसून म्हणायची, "माझ्या राजाचं नीट कर हो. तुझं तर काय, गेली गाडी."

गावाकडून त्याचा बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता. तो पाठवायचं काम एर्लिंदाच्या धाकट्या बहिणीकडे, फ्रोसिना मावशीकडे दिलं. मावशी कामाला चोख. ती पाद्रीबाबांकडे गेली आणि एर्लिंदाच्या मुलांचे म्हणून वहीत जेवढे सापडले तेवढे सगळे दाखले उतरवून घेऊन आली. ऑगस्टमध्ये पाकीट आलं. आत नाबोरचा एक दाखला होता. आपोलोनियाचे दोन होते.

पोलाला आधी वाटलं, मावशीने एकाच्या दोन नकला केल्या. मग तिने वाचलं. पहिल्यावर जन्म नऊ फेब्रुवारी एक्याऐंशी. दुसऱ्यावर जन्म एकवीस नोव्हेंबर ब्याऐंशी. आईबाप तेच, देऊळ तेच.

तिने मावशीला फोन लावला. मावशी बराच वेळ खोकत राहिली. "तुला ठाऊक नाही? मला वाटलं, ताईने सांगितलं असेल. थोरली गेली ना गं, दीड वर्षाची होऊन. तेव्हा तू पोटात होतीस. मग तू झालीस, ताईने तेच नाव दिलं. पाद्रीबाबा काही कागद विचारत नाहीत, त्यांनी पाणी शिंपडलं. पण सरकारी नोंदीला तालुक्याला कोण जाणार? खेचरावरून चार तास. थोरलीचा कागद होताच घरात. आपल्याकडे किती जणांनी असंच केलंय. मी नऊ वर्षांची होते तेव्हा, पण ती पांढरी पेटी मला आठवते. देवळामागे पुरलीय ती. दर पहिल्या नोव्हेंबरला मीच दोन झेंडू ठेवते, तुझी आई कधी एक मेणबत्तीसुद्धा पाठवत नाही."

फोन ठेवून पोला जमिनीवरच बसली. म्हणजे दात उशिरा पडले नव्हते, सातव्या वर्षीच पडले होते. दहाच्या पोरांत बसवलेली ती मंद पोर साडेआठ वर्षांची होती. दुसरी मुलं अठराव्या वर्षी जे प्रमाणपत्र घेतात ते तिने सोळाव्या वर्षी घेतलं होतं, तेही परक्या भाषेत, आणि जन्मभर ती स्वतःला मठ्ठ समजत आली होती. तिला हसू आलं, राग आला, आणि त्यातूनच लख्ख उजाडलं: ती एकोणतीस वर्षांची होती. गाडी गेलेली नव्हती.

चर्चच्या सभागृहात फुकट सल्ला देणारी वकीलबाई होती. तिने दोन्ही दाखले शेजारी ठेवून पाहिले. "होऊ शकतं," ती म्हणाली. "पण बाप्तिस्म्याच्या दाखल्यांनी एवढंच दिसतं की मुली दोन होत्या. यातली कोण गेली आणि कोण माझ्यासमोर बसलीय, हे त्यावर लिहिलेलं नाही. थोरलीच्या मृत्यूची आणि तुझ्या जन्माची नोंद गावात उशिराने करून घ्यावी लागेल. त्यासाठी जन्माच्या वेळी जाणत्या वयात असलेल्या साक्षीदाराची शपथ लागते. वडील?"

"वारले."

"सुईण?"

"तीही."

"मावशी नऊ वर्षांची होती, तिचं चालणार नाही. म्हणजे आईच. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी आपल्या देशाची फिरती वकिलात इथल्या शाळेत बसणार आहे. आईला तिथे घेऊन ये. अर्ध्या तासाचं काम आहे."

अर्ध्या तासाचं काम. पोलाने त्या संध्याकाळी आईच्या आवडीच्या कोरुंदा केल्या, मक्याच्या पिठाच्या, पानात बांधून उकडलेल्या तिकोनी, वर साय आणि लाल मिरचीचा रस्सा. आईने तीन खाल्ल्या. मग पोलाने दोन्ही दाखले तिच्यासमोर ठेवले आणि काय लिहिलंय ते वाचून दाखवलं, कारण आईला अक्षर येत नव्हतं.

"पाद्री दारू प्यायचा," आई म्हणाली. "मला आपोलोनिया एकच."

"आई, मावशीने सगळं सांगितलंय."

"फ्रोसिना लहानपणापासून खोटारडी."

"मला फक्त एवढं हवंय की तू त्या माणसासमोर म्हणायचंस, थोरली गेली. दोन शब्द. त्यावर माझं कार्ड आहे, तपासणीच्या खोलीतली खुर्ची आहे. कागद न दाखवणाऱ्यांना पहिल्या डिसेंबरपासून शेडमध्ये पाय ठेवू देणार नाहीत, नोटीस लागलीय. मग खायचं काय आपण?"

"नाबोर आहे ना माझा."

पोलाने तेव्हा आवाज चढवला. जन्मात पहिल्यांदा चढवला. "मेलेल्या पोरीसाठी जित्या पोरीचा गळा दाबतेस तू?"

एर्लिंदाने ताटली सरकवली. तिचा चेहरा एवढा शांत झाला की नाबोरने टीव्ही बंद केला.

"तुला ऐकायचंच आहे ना? ऐक. ती माझ्या अंगावर पीत होती. वर्षाची झाली, चालायला लागली, मला बघून हसत यायची. आणि तू पोटात आलीस. पोटातलं पोर अंगावरच्या पोराचा हेवा करतं, त्याचं दूध नासवतं. त्याला चिपिल म्हणतात, आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. लाल दोरा बांधला, धुपाचा धूर दिला. पण आत बसून तू ओढत होतीस. माझं दूध आटलं. ती माझ्या झग्याला धरून किरकिर करायची, काही खायची नाही, नुसती बघायची. सहा महिन्यांत तिची काडी झाली. तू मात्र चांगली गोल, आतून लाथा मारत होतीस. माझी लेक तू खाल्लीस. मग म्हटलं, खाल्लंय तर चालव तिचं नाव. तिचा वाढदिवस कर. तिच्या वयाची हो. माझ्या डोळ्यासमोर ती वाढू दे."

"मी जन्मलेसुद्धा नव्हते," पोला म्हणाली.

"म्हणून काय झालं? चोर काय दारातूनच येतो?"

त्यानंतर महिनाभर घरात दोघी एकमेकींना पाण्यात पाहत होत्या. नाबोरने मध्ये पडून दोनदा आईची मनधरणी केली, पण त्याच्या मनधरणीत जोर नव्हता. ऑक्टोबरच्या अखेरीस त्याचं कार्ड टपालाने आलं आणि तो जोरही गेला. आईने ते कार्ड देव्हाऱ्यात मारियामातेच्या पायाशी ठेवलं. पोलाला त्याने विचारलं, "जुनी गाडी विकून नवी घेऊ का गं आता?"

तिने मावशीला थडग्याचा फोटो पाठवायला सांगितला. देवळामागचा चुना लावलेला एक दगड, त्यावर नुसतं आपोलोनिया, तारीख नाही. पोलाने त्याची मोठी प्रत काढली. पहिला नोव्हेंबर म्हणजे मेलेल्या लेकरांचा दिवस. मेलेल्यांसाठी आई जी मांडणी करायची तिच्यावर दर वर्षी बापाचा एकच फोटो असायचा, तोही दुसऱ्या तारखेला, मोठ्यांच्या दिवशी. त्या सकाळी आई उठायच्या आत पोलाने टेबलावर झेंडू पसरले, मधे तो दगडाचा फोटो ठेवला, समोर साखरेचा छोटा पाव आणि दुधाचा पेला ठेवला. लहान मुलांसाठी दूधच ठेवतात. पण हे प्रेमाने ठेवलेलं नव्हतं, हे पोलालाही ठाऊक होतं. आईला जिथे लागेल तिथेच तिने नेमका घाव घातला होता.

एर्लिंदा आली, दारातच थबकली. ओरडेल, उधळून देईल, असं पोलाला वाटलं होतं. एर्लिंदा खुर्ची ओढून बसली आणि त्या दगडाच्या फोटोवरून बोट फिरवत राहिली. पेला उष्टाही न करता तसाच तासभर समोर ठेवून ती बसली होती.

"हिला मरू दे आता आई," पोला म्हणाली. "तीस वर्षं झाली."

"बरं," एर्लिंदा म्हणाली. "येते मी शनिवारी. एकीला मारायचंच असेल तर मारते."

पोलाला एवढं हलकं वाटलं की तिने शेडमध्ये चोनाला डब्यातलं अर्धं जेवण देऊन टाकलं. तपासणीच्या खोलीत जाऊन ती गोऱ्या बाईला म्हणाली, "डिसेंबरची खुर्ची दुसऱ्या कुणाला देऊ नका."

शनिवारी शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती, रांग थेट बाहेर पार्किंगपर्यंत गेली होती. नाबोर गाडी घेऊन आला होता. एर्लिंदाने काळा झगा घातला होता, केसांना तेल लावून वेणी घातली होती. टेबलामागे टाय लावलेला एक तरुण अधिकारी होता. वकीलबाईची चिठ्ठी आणि दोन्ही दाखले त्याने वाचले, अदबीने एर्लिंदाला बसवलं, हात वर करून शपथ घ्यायला लावली.

"बाई, मुलं किती झाली तुम्हाला?"

"तीन."

पोलाच्या डोळ्यांत पाणीच आलं. आईच्या तोंडून तीन हा आकडा तिने आजवर ऐकला नव्हता.

"हयात?"

"दोन. हा मुलगा आणि ही मुलगी."

"गेलं ते कोण?"

"मुलगी. आपोलोनियाच नाव."

"तिची जन्मतारीख?"

एर्लिंदा पोलाकडे वळली. नजरेत राग नव्हता. तिने पोलाचा हात हातात घेतला आणि अधिकाऱ्याला स्पष्ट आवाजात सांगितलं, "एकवीस नोव्हेंबर, ब्याऐंशी."

"आई चुकली, साहेब," पोला घाईने म्हणाली. "ती तारीख माझी आहे. आई, गेली ती एक्याऐंशीची."

"मी चुकले नाही. नऊ महिने मी वागवलं, मला माहीत नाही? ही थोरली. नऊ फेब्रुवारीची, संतिणीच्या दिवशीची. हिचा कागद खरा आहे, तोच हिचा. गेली ती धाकटी."

"खोटं बोलतेय ती! साहेब, ती सूड घेतेय माझ्यावर!"

रांगेतली माणसं बघायला लागली. अधिकारी गोंधळला, पण त्याचं काम विचारायचं होतं, त्याने विचारलं. "कशाने गेली, बाई?"

एर्लिंदा सांगू लागली. दूध आटलं. पोर झग्याला धरून किरकिर करायची. तोंडात कालवलेलं घालावं तर थुंकायची. डोळे मोठे झाले, हात काडीसारखे. ऑगस्टची उन्हं होती, शेवटच्या दिवशी तिने पाण्याचा थेंबही घेतला नाही, नुसतं आईच्या वेणीचं टोक मुठीत धरलं आणि सोडलं नाही. वेणी कापून पोरीबरोबर पुरावी लागली. सांगता सांगता एर्लिंदा हुंदके देऊन रडली. मागच्या दोन बायांनी रुमाल डोळ्यांना लावले, अधिकाऱ्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. सगळं रडणं खरं होतं. त्यातली फक्त पोर बदललेली होती.

"हे खोटं आहे," पोला पुन्हा म्हणाली, पण आता तिच्याकडे कुणी पाहतही नव्हतं.

"ताई," अधिकारी हळू आवाजात म्हणाला, "जन्मदात्रीची शपथ आहे ही. तिच्यावर माझं काही चालत नाही. तुम्हाला हरकत घ्यायची असेल तर गावच्या कोर्टात, स्वतः हजर राहून."

स्वतः हजर राहायचं म्हणजे सरहद्द ओलांडून परत जायचं. आणि गेलेल्याला परत येता येत नव्हतं, ते त्या हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्याने कागद फिरवला, शाईची डबी उघडली. एर्लिंदाने अंगठा उमटवला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा बाजूला. पोलाने वाचलं. आपोलोनिया, जन्म एकवीस नोव्हेंबर एकोणीसशे ब्याऐंशी, मयत. खाली आईचा अंगठा निळाभोर, ठसठशीत उठला होता.

"तुमच्या धाकट्या बहिणीबद्दल वाईट वाटलं," अधिकारी पोलाला म्हणाला.

तिघं गाडीने घरी निघाली. नाबोर रस्त्याकडे बघत होता. मान न वळवता तो म्हणाला, "आईचं वय झालंय गं. जाऊ दे आता." त्याच्या खिशात त्याचं कार्ड होतं. पोलाला दार उघडून उडी टाकावी असं वाटलं, आणि नाबोर सिग्नलला थांबला तरी तिने ती टाकली नाही.

घरी आल्यावर एर्लिंदाने झगा बदलला. टेबलावर झेंडू अजून होते. तिने दगडाच्या फोटोपुढे नवी मेणबत्ती लावली आणि नाबोरला सांगितलं, "इथे खाली तारीख लिही, एकवीस नोव्हेंबर. पुढच्या वर्षी विसरायला नको." नाबोरने पोलाकडे पाहिलं, मग पेन काढून लिहिलं.

पोला स्वयंपाकघरात उभी होती. आई आत आली. तिने दूध तापवलं, त्यात दालचिनी आणि भरपूर साखर घातली, पेला भरला. मग तिने पोलाला खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं, तिचे केस कानामागे केले. एकतीस वर्षं म्हणा की एकोणतीस, एवढ्या वर्षांत त्या हाताने असा स्पर्श तिला कधी केला नव्हता. चोरटी हा शब्द त्यानंतर त्या घरात कुणीच ऐकला नाही.

"पी बाळा," एर्लिंदा म्हणाली. "सगळं पी. आता तुझं कोणी ओढून नेणार नाही."